दहा ओळी छापा-काटा

"खोटी," बाई म्हणाल्या आणि कागद डाव्या ढिगावर ठेवला. पुढचा उचलला, वरून खाली एकदा नजर फिरवली आणि उजवीकडे सरकवला. "खरी."

खोटी ठरलेली मुलं मान खाली घालून बाकाचा रंग नखाने खरवडत होती. खरी ठरलेल्यांना आपण खरे निघालो याचंच नवल वाटत होतं. बाई कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हत्या, कुणाला काही विचारत नव्हत्या. मुलं पाठीमागे त्यांना 'एक्सरे' म्हणत, ते बाईंना माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. शिक्षकाला आपलं टोपणनाव आवडणं ही तशी दुर्मीळच गोष्ट.

यंदा भांडण सुरू झालं होतं फुटबॉलवरून. शाळेच्या संघातल्या लंबूने सलग पाच पेनल्टी जाळ्यात मारल्या आणि सगळा वर्ग एका सुरात म्हणू लागला की लंबू सध्या फॉर्मात आहे. बाई म्हणाल्या, असेलही, नसेलही. "असा एक खेळाडू घ्या, जो निम्म्या वेळा गोल करतो आणि निम्म्या वेळा हुकतो. त्याला फॉर्म नाही, मूड नाही, आई ओरडली म्हणून त्याचं लक्ष उडत नाही. असा खेळाडू तुमच्या प्रत्येकाच्या खिशात आहे." आणि त्यांनी एक नाणं टेबलावर टपकन ठेवलं. छापा म्हणजे गोल, काटा म्हणजे हुकला. घरी जाऊन दोनशे पेनल्टी मारा. जसं पडेल तसं, त्याच क्रमाने लिहा, दहा ओळी, एका ओळीत वीस. खाली एक वाक्य: ही नोंद मी स्वतः नाणं उडवून केली आहे. त्याखाली सही.

दोनशे वेळा नाणं उडवायचं म्हणजे कंटाळ्याची हद्द. म्हणून दरवर्षी निम्मा वर्ग नाण्याला हात न लावता नुसताच 'छ' आणि 'क' लिहून आणायचा. आणि नेमका तिथेच सापडायचा. मनाने लिहिणारा माणूस सलग तीन छापे लिहिले की घाबरतो. त्याला वाटतं, आता काटा यायलाच हवा, नाहीतर बाईंना संशय येईल. नाण्याला असलं काही वाटत नाही. दोनशे वेळा उडवलेल्या नाण्यात पाच-सहाची सलग रांग बहुधा येतेच, कधी आठाचीही येते. बाई फक्त रांगा शोधायच्या. रांग दिसली की खरी, सगळं कसं नीटनेटकं मिसळलेलं दिसलं की खोटी. हे गुपित कागद तपासून झाल्यावरच त्या फोडायच्या, आणि त्या दिवशी शिकलेली संभाव्यता मुलं जन्मात विसरत नसत.

ढीग संपत आला. बाईंनी खालून दुसरा कागद उचलला आणि त्यांचा हात थांबला.

अक्षर वळणदार. पहिली ओळ: छ क छ क छ क छ क क छ क छ... दुसरीही तशीच. तिसरी, चौथी तशीच. पाचव्या ओळीपर्यंत एकदाही सलग तीन नाहीत. मग थोडी सुटी-सुटी होत गेलेली, आणि नवव्या ओळीत अचानक चार छापे, दहाव्यात सलग पाच काटे.

बाईंनी सही वाचली. शिट्टीची.

वर्गात तिला शिट्टी म्हणत. आवाज बारीक आहे म्हणून म्हणत असतील, अशी बाईंची समजूत होती. गणितात तिच्या जवळपास फिरकेल असं वर्गात कुणी नव्हतं. मोठ्या शहरातल्या निवासी महाविद्यालयात दोन विनामूल्य जागा होत्या. त्यासाठी शाळेतून दोन नावं जायची होती, आणि त्यातलं एक बाईंनी स्वतः मुख्याध्यापकांच्या टेबलावर हात आपटून शिट्टीचं टाकून घेतलं होतं. नावं आज शाळा सुटायच्या आत पाठवायची होती.

"उभी राहा," बाई म्हणाल्या.

शिट्टी उभी राहिली.

"हे नाणं उडवून केलंस?"

"नोंद खरी आहे, बाई."

"मी ते विचारलं नाही. नाणं तू स्वतः उडवलंस का?"

शिट्टीने खाली पाहिलं. मागच्या बाकावरून लंबूचा हसू दाबल्याचा आवाज आला.

"खाली काय लिहून सही केलीस, तेवढं वाच." बाईंनी कागद पुढे केला.

"ही नोंद मी स्वतः..." शिट्टी थांबली.

"पुढे."

"...नाणं उडवून केली आहे."

"खरं आहे हे वाक्य?"

वर्ग कान टवकारून बसला होता. शिट्टीने एकदा मागे लंबूच्या बाकाकडे पाहिलं. तिचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. बाईंना राग आला, आणि खरं सांगायचं तर रागापेक्षा जास्त दुःख झालं. आळशी पोरांनी फसवलं तर माणूस हसून सोडून देतो. ही फसवेल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्यातही शेवटच्या दोन ओळी. वरच्या वर्गातल्या कुणीतरी रांगांचं गुपित तिच्या कानात सांगितलेलं दिसत होतं, म्हणून शेवटी चार आणि पाच चिकटवलेले. ही तर लबाडीवर मारलेली इस्त्री झाली.

"खोटी," बाई म्हणाल्या आणि कागद डावीकडे ठेवला.

तास संपल्यावर त्यांनी तिला जिन्यापाशी गाठलं. पर्समधून नाणं काढून तिच्या हातावर ठेवलं. "हे बघ. माणसाचं चुकतं. आत्ता माझ्यासमोर बस, दोनशे वेळा उडव, नवी नोंद दे. जुनी मी फाडून टाकते. कुणाला कळणार नाही."

शिट्टीने नाणं परत केलं. "नको, बाई."

"का?"

"आत्ता मी उडवलं तर वेगळं येईल."

"म्हणजे कबूल करतेस ना?"

"नाही. ती नोंद खरी आहे. एकही अक्षर मनचं नाही."

"मग स्वतः उडवलंस का, याला उत्तर का देत नाहीस?"

शिट्टीचे डोळे भरून आले होते, पण तिने ते पुसले नाहीत. "बाई, तास सुरू झाला असेल," ती म्हणाली आणि पायऱ्या चढून गेली.

बाई तशाच मुख्याध्यापकांकडे गेल्या. ते कपाटाची किल्ली शोधत होते. त्यांचा निम्मा दिवस किल्ल्या शोधण्यात जायचा.

"तिचं नाव काढा," बाई म्हणाल्या.

"कुणाचं? अहो, त्याच नावासाठी तुम्ही परवा माझ्या टेबलाची काच तडकवली होतीत."

"काढा. खोटी नोंद दिली आहे आणि वर खोटी सही केली आहे."

मुख्याध्यापकांनी किल्ली शोधणं थांबवलं. "दोनशे छापे-काटे, बाई. पोरं आहेत. बघा, एवढ्यावरून मुलीचं आयुष्य..."

"एवढ्यावरूनच. जे पडलं ते लिहिता येत नसेल, तर पुढे काय शिकणार ती?"

"बरं. दुसऱ्या तुकडीतल्या मुलाचं टाकतो. पण कागद साडेचारला जाईल. तोवर मन बदललं तर सांगा."

"माझं मन नाण्यासारखं नाही," बाई म्हणाल्या आणि बाहेर आल्या.

त्यांच्या या ताठरपणाला एक कारण होतं, जे शाळेत कुणाला माहीत नव्हतं. यजमान आजारी पडले तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, काळजी करू नका, दहातले नऊ बरे होतात. ते दहावे निघाले. नातेवाईक म्हणाले डॉक्टर खोटं बोलले, कुणी म्हणालं नशीब खोटं. बाई कुणालाच काही म्हणाल्या नाहीत. डॉक्टर खरंच बोलले होते. दहावा कुणीतरी असतो म्हणूनच तर नऊ असतात. दुसऱ्या आठवड्यात त्या वर्गावर उभ्या राहिल्या आणि पिशवीतून डोळे मिटून काळे-पांढरे मणी काढायचा प्रयोग घेतला. जे पडतं ते पडतं, आणि ते जसंच्या तसं लिहायचं, हा त्यांचा तेवढा एकच धर्म उरला होता. त्यामुळे मनाने लिहिलेला काटा त्यांना खऱ्या काट्यासारखा टोचायचा.

शिक्षकांच्या खोलीत त्या रिकाम्या तासाला चहा घेऊन बसल्या, पण तो निवत राहिला. 'आत्ता मी उडवलं तर वेगळं येईल.' खोटं बोलणारी मुलगी असं कशाला म्हणेल? तिने घाबरून नाणं घ्यायला हवं होतं, सुटले म्हणायला हवं होतं. बाईंनी पर्समधून तेच नाणं काढलं आणि उगाचच उडवलं. ते टेबलावरून घरंगळत खाली गेलं.

"असं काय उडवता, बाई, माशी मारल्यासारखं," खेळाचे सर म्हणाले आणि वाकून नाणं उचलायला गेले. मध्येच थांबून हसले. "आमच्या पंचांनी बघितलं असतं तर मला मैदानाबाहेर काढलं असतं. पडलेलं नाणं दुसऱ्या कुणी उचललेलं त्यांना चालायचं नाही."

"कोण पंच?"

"अहो, या सगळ्या भागातले सामने तेच घ्यायचे. माणूस कसला! दोन्ही मनगटांवर घड्याळ. एक बंद पडलं तर दुसरं. आणि टॉस असा उडवायचे, की अख्खं मैदान मान वर करून बघायचं. नाणं खाली यायला इतका वेळ लावायचं, की दोन्ही कप्तानांना घाम फुटायचा. आमची ही शिट्टी, त्यांचीच मुलगी. एवढीशी होती तेव्हा जादाची शिट्टी गळ्यात अडकवून रेषेवरून पळायची, म्हणून तर नाव पडलं."

बाईंनी कप खाली ठेवला. "आता कुठे असतात ते?"

"घरीच. आजारी आहेत म्हणे. गेल्या हंगामात दिसलेच नाहीत. मी एकदा गेलो होतो, तर त्यांच्या बहिणीने दारातूनच परत पाठवलं. कुणाला भेटत नाहीत म्हणाली. मैदानाच्या मागच्या बाजूलाच राहतात, सायकल दुरुस्तीच्या दुकानावर. काय झालंय ते देव जाणे."

बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेचारला वेळ होता, पण फार नव्हता. डाव्या ढिगातला शिट्टीचा कागद त्यांनी पर्समध्ये टाकला आणि चहा तसाच ठेवून त्या उठल्या. आपण नेमकं काय विचारायला निघालो आहोत, हे त्यांना धड ठाऊक नव्हतं.

जिना अरुंद होता आणि ट्यूबच्या सोल्युशनचा वास वरपर्यंत येत होता. दार उघडलं ते शिट्टीच्या आत्याने. हात ओले, पदर खोचलेला.

"दादा कुणाला भेटत नाही," तिने बाई बोलायच्या आधीच सांगून टाकलं.

"मी शाळेतून आले. गणित शिकवते."

आत्याच्या चेहऱ्यावरचा रंग बदलला. "पोरीला काही झालं का?"

"नाही, ती शाळेत आहे."

आतून एक आवाज आला, जड, शब्द एकमेकांना चिकटलेले. "कोण... गणिताच्या बाई? येऊ दे. आत."

आत्या थबकलीच. एवढ्या दिवसांत तिने हे वाक्य ऐकलं नसावं. ती बाजूला झाली.

खोलीत एकच खिडकी होती, मैदानाच्या बाजूची, आणि तिचा पडदा पूर्ण ओढलेला होता. कॉटवर भिंतीला उशी लावून एक मोठ्या हाडापेराचा माणूस बसला होता. डाव्या मनगटावर दोन घड्याळं, एकाखाली एक. उजवा हात मांडीवरच्या चादरीवर ठेवलेला, जसा कुणीतरी दुसऱ्यानेच आणून ठेवावा. तोंडाची उजवी कड किंचित ओघळलेली. बाईंना सगळं एका दृष्टिक्षेपात कळलं, आणि तरी काहीच कळलं नाही असा चेहरा त्यांनी ठेवला.

"बसा," तो म्हणाला. "मार्क... किती पडले?"

"कशाचे?"

"दोनशेचे." तो हसला, अर्धंच हसू वर आलं. "आमच्या. नाण्याच्या."

बाई स्टुलावर बसल्या. "अजून द्यायचेत," त्या म्हणाल्या. "दोनशे वेळा तुम्ही उडवलंत?"

"फिजिओवाल्या ताई म्हणाल्या, नाणं उचला. रोज. उडवता आलं तर... उडवा. मला कंटाळा. मग ही म्हणाली, बाबा, माझा अभ्यास होईल, तुमचा हात होईल. ती लिहायची. मी हे." त्याने डाव्या हाताने उशीखालून नाणं काढलं. "पाच संध्याकाळी. रोज दोन ओळी. जास्त होत नव्हतं."

"घाम निथळायचा हो," आत्या दारातून म्हणाली. "मी म्हणायचे, पुरे. तर ही दोघं म्हणायची, अजून सहा राहिले, अजून चार राहिले."

"कसं उडवायचात, दाखवाल?" बाईंनी विचारलं.

"आता बरं उडतं. तेव्हा असं." त्याने नाणं उजव्या अंगठ्यावर ठेवलं आणि मुद्दाम पहिल्या दिवसासारखी बोटाला हलकीशी ढकल दिली. नाणं वीतभरही उडालं नाही. कूस बदलून चादरीवर पडलं. ठेवताना छापा वर होता, पडल्यावर काटा. त्याने ते बोटांनी ओढून ओढून, तसंच्या तसं, काटा वर ठेवूनच पुन्हा अंगठ्यावर घेतलं. ढकल. छापा. पुन्हा उचललं. ढकल. काटा.

"उचलताना उलटवत नाही तुम्ही?"

"उलटवायचं कशाला? उचलतानाच जीव जातो."

हातच्या काकणाला आरसा कशाला, म्हणतात. बाईंनी पर्समधून कागद काढला, कारण त्यांना तरीही पाहायचं होतं. छ क छ क छ क. वर्षानुवर्षं त्या मुलांना सांगत आल्या होत्या की नाण्याला आठवण नसते. पण त्यासाठी नाणं हवेत गरगरावं लागतं. जे नुसतं कूस बदलतं ते आधी काय पडलं होतं ते बरोबर लक्षात ठेवतं. नाणं उडवायचं म्हणजे कुणाच्या हाताने, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. सगळ्यांचे हात आपल्यासारखेच, हे त्यांनी गृहीत धरलं होतं.

मग त्यांची नजर खाली सरकली. पाचव्या ओळीपर्यंत जवळजवळ कडक आळीपाळी. सहाव्यात वरचेवर जोड्या दिसू लागलेल्या. आठव्यात तीन. नवव्यात चार. दहाव्यात सलग पाच. ज्या दोन ओळींना त्यांनी सकाळी लबाडीवरची इस्त्री म्हटलं होतं, त्या ओळींत हा हात पहिल्यांदा धड चालला होता.

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

"हे बघा," त्या कागद त्याच्यासमोर धरून म्हणाल्या. "ही तुमची पहिली संध्याकाळ. नाणं नुसतं पालथं होतंय, छापा, काटा, छापा, काटा. आणि ही शेवटची. इथे ते हवेत फिरलंय. दोनदा, तीनदा, किती ते नाण्यालाच माहीत. तुमचा हात सुधारतोय. मी सांगत नाही, हा कागद सांगतोय."

त्याने कागद डाव्या हाताने जवळ ओढला. "डॉक्टर म्हणतात... फार फरक नाही."

"डॉक्टरांनी हे पाहिलेलं नाही."

आत्याने पदर तोंडाला लावला. त्याने डाव्या हाताचं बोट दहाव्या ओळीवरून फिरवलं, पाच काट्यांपाशी थांबवलं. मग तोच प्रश्न पुन्हा विचारला. "मग मार्क?"

बाईंना वाटलं, आता खोटं बोलून निभावून न्यावं. घड्याळात चार वाजून गेले होते. त्याच्या दोन्ही घड्याळांत.

"मी ही नोंद खोटी ठरवली," त्या म्हणाल्या. "आज, सगळ्या वर्गासमोर. तिला विचारलं स्वतः उडवलंस का, तर ती गप्प राहिली. मी तिचं महाविद्यालयाचं नाव काढून टाकलं."

मैदानावरून मुलांचा गलका आणि एक शिट्टी ऐकू आली. त्याने सवयीने मान तिकडे वळवली आणि परत आणली.

"तिने... सांगितलं नाही? मी उडवलं म्हणून?"

"नाही."

"मीच बजावलं होतं." शब्द आणखी जड झाले. "मैदानावर कुणाला कळता कामा नये. मागच्या बाकावर... संघातली पोरं असतात."

"अजून वीस मिनिटं आहेत," बाई म्हणाल्या आणि फोन लावला.

मुख्याध्यापकांनी पटकन उचलला. बाईंनी फोनचा आवाज मोठा केला, त्यालाही ऐकू जावा म्हणून. "तिचं नाव परत घाला. चूक माझी आहे. नोंद खरी आहे."

"बाई, दुसऱ्या मुलाचं नाव टाकून कागद तयार आहे. सकाळी तुम्हीच म्हणालात मन नाण्यासारखं नाही." ते चिडले नव्हते, थकले होते. "बरं, मला एक सांगा. नाणं तिने उडवलं?"

"नाही."

"मग सही खोटीच ना? कुणी उडवलं? उद्या त्या मुलाचे वडील माझ्यापुढे येऊन उभे राहतील, त्यांना काय सांगू?"

बाईंनी कॉटकडे पाहिलं. सांगायचा हक्क त्यांचा नव्हता. एकदा सांगितलं की संध्याकाळपर्यंत शाळेत, उद्या मैदानावर, परवा सगळ्या गावात होणार, हे त्यालाही कळत होतं. एवढे महिने पडदा ओढून जे राखलं होतं ते एका वाक्यात जाणार होतं.

"हॅलो? बाई?"

त्याने डावा हात पुढे केला. बाईंनी फोन त्यात ठेवला. आत्या पुढे झाली, तशी त्याने तिला नजरेने थांबवलं. तोंडाची ओली कड बाहीला पुसली आणि पाठ उशीपासून सोडवून ताठ केली.

"मी बोलतो," तो म्हणाला.

"कोण? आवाज नीट येत नाही."

"पंच."

"कोण पंच? जरा स्पष्ट बोला."

आत्याने डोळे मिटून घेतले. तो थांबला, श्वास घेतला आणि एकेक शब्द वेगळा करून पुढे ठेवला. "मैदानाचा. पंच. तिचा बाप. नाणं... मी उडवलं. दोनशे वेळा. माझी उजवी बाजू गेलीय. तिने खरं लिहिलं. सही खोटी केली... ती माझ्यासाठी."

पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "अहो, तुम्ही?" मुख्याध्यापकांचा आवाज एकदम उतरला. "तुम्ही आजारी एवढंच ऐकलं होतं... आम्हाला काही कल्पनाच नाही हो."

"नको होती."

"नाव जाईल," मुख्याध्यापक म्हणाले. "काळजी करू नका. बाईंना म्हणावं, उद्या मला लेखी द्या."

त्याने फोन परत दिला आणि उशीला टेकला. त्याला धाप लागली होती. आत्याने पाणी आणलं, त्यातलं थोडं हनुवटीवरून ओघळलं आणि तिने पदराने टिपलं. तेवढ्यात जिन्यावर धावत पावलं आली. दारात शिट्टी उभी होती, दप्तर एका खांद्यावर, श्वास वर-खाली. खेळाच्या सरांनी तिला सांगितलं असणार, आणि ती शाळा सुटायची वाट न बघता निघाली असणार.

"बाई, तुम्ही इथे का आलात?" वर्गात न फुटलेला आवाज आता फुटला होता. "मी काही सांगितलं नव्हतं. मी गप्प बसले होते ना? मग का आलात?"

"माझं चुकलं ते सांगायला," बाई म्हणाल्या.

"बाबांना सांगितलंत? वर्गातलं सगळं?"

"हो."

शिट्टीने बापाकडे पाहिलं. "बाबा, मी कुणाला बोलले नाही. खरंच नाही बोलले."

"मी बोललो," तो म्हणाला. "फोनवर. सरांशी."

तिला ते कळायला जरा वेळ लागला. मग दप्तर तिच्या खांद्यावरून घसरून खाली पडलं, आणि ती ते उचलायचं विसरली.

बाई उठून तिच्यासमोर उभ्या राहिल्या. "खोटी मी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, तेव्हा खरीही सगळ्यांसमोरच म्हणेन. उद्या पहिल्याच तासाला. पण पोरं विचारतील, खरी कशी काय."

"नका सांगू," शिट्टी म्हणाली. "राहू दे खोटी. नाव गेलं तर जाऊ दे."

"नाव राहिलंय," आत्या म्हणाली.

"सांगू दे त्यांना," कॉटवरून आवाज आला. "आता... काय लपवायचं. वही आण. अकरावी ओळ."

"बाबा, आज नको. दमलात तुम्ही."

"आण."

शिट्टीने दप्तरातून वही काढली, पेन काढलं आणि कॉटच्या कडेला बसली. त्याने नाणं उजव्या अंगठ्यावर ठेवलं. हात थरथरत होता. थरथर थांबेपर्यंत तो थांबला. नाण्याची वरची बाजू बाईंना स्वच्छ दिसत होती. काटा.

"बाई," तो म्हणाला, "बोला."

तो कप्तानांना असाच म्हणत असणार. आठवड्यापूर्वी हे नाणं काय पडेल ते बाईंना डोळे मिटून सांगता आलं असतं. आज त्यांना काही सांगता येत नव्हतं, आणि इतक्या वर्षांत न कळण्याचा एवढा आनंद त्यांना कधी झाला नव्हता.

"छापा," त्या म्हणाल्या.

अंगठा सुटला. नाणं उडालं, फार नाही, त्याच्या डोळ्यांच्या उंचीइतकं. पण ते फिरत होतं, आणि त्याच्यासकट चौघांच्याही माना किंचित वर झाल्या. चादरीवर न पडता ते कॉटच्या कडेवर आपटलं, फरशीवर वाजलं आणि घरंगळत कॉटच्या पायापाशी जाऊन आडवं झालं.

शिट्टी वही टाकून खाली वाकली.

"थांब," तो म्हणाला. "नाणं पंच उचलतो."

ती तशीच मागे सरकली आणि उभी राहिली. आत्या ओल्या हातांनी दाराशी उभी होती, बाई स्टुलाशेजारी. त्याने डावा हात कॉटच्या कडेवर घट्ट रोवला, एक पाय फरशीवर टेकवला, मग दुसरा ओढत आणून टेकवला, आणि हळूहळू खाली वाकू लागला. उजव्या हाताची बोटं जमिनीच्या दिशेने उघडत होती. मैदानावर पुन्हा शिट्टी वाजली. खोलीत कुणी पुढे झालं नाही.